शिंप्याच्या दुकानामागची जागा

आधी कळलं असतं तर मला ताप आलाय म्हणून सांगून मी घरीच बसले असते. पण माझा होणारा नवरा फोनवर एवढंच म्हणाला होता, की त्याच्या आईवडिलांनी घोडबंदर रोडला एक भारी जागा बुक केली आहे, जेवण एक नंबर आहे आणि बाकी सरप्राइज. सरप्राइज मला आवडत नाही. आमच्या घरात जे काही अचानक व्हायचं ते कधीच चांगलं नसायचं.

दोन्ही घरांची ही पहिलीच भेट. आईने ठेवणीतली साडी नेसली, बाबांनी स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. डोंबिवलीहून टॅक्सी केली आणि माजिवड्याला नेहमीसारखे अडकलो. तेवढ्या वेळात बाबांचं ड्रायव्हरला पूर्वी इथे काय काय होतं ते सगळं सांगून झालं. बाबा मजेत होते. मला ते फार बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

पत्त्यावर उतरलो तर समोर शिंप्याचं दुकान. काउंटरवर एक माणूस, बाजूला जुनं पायाचं मशीन, कात्री, टेप, आणि मागे दांडीला टांगलेले कोट. "पत्ता चुकला वाटतं गं," आई माझ्या कानात म्हणाली. तेवढ्यात काका-काकू, म्हणजे माझे होणारे सासू-सासरे, हसू दाबत पुढे आले. काकूंनी कोट बाजूला सारले, मागची भिंत ढकलली आणि भिंत दारासारखी उघडली. आत मंद पिवळा उजेड, हळू आवाजात गाणं, आणि समोर लांबच्या लांब बार. बाटल्या पार छताला टेकलेल्या.

"काय, कसं वाटलं?" काका म्हणाले. "बाहेरून कुणाला पत्ताच लागत नाही!"

मी आधी बाबांकडे बघितलं.

बाबा दारू प्यायचे. सणासुदीला, मित्रांत, हौसेने वगैरे नाही. रोज, आणि नोकरी जाईपर्यंत. चार वर्षांपूर्वी हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही. "पुन्हा सुरू केली तर माझ्या हातात काही नाही," असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. दर रविवारी बाबा कल्याणला एका शाळेच्या वर्गात भरणाऱ्या बैठकीला जातात. तिथे सगळे त्यांच्यासारखेच असतात. शेजाऱ्यांना आम्ही सांगतो की ते भजनाला जातात. बाबांना एक अभंग धड पाठ नाही, पण बिल्डिंगमध्ये त्यांचा मान वाढला आहे.

होणाऱ्या नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "लग्न होऊ दे, मग सांग," असा आईचा हुकूम होता.

आम्ही आत जाऊन बसलो. काकू मोठ्या कौतुकाने सांगत होत्या, की अमेरिकेत म्हणे दारूबंदीच्या काळात लोक असेच चोरून प्यायचे, त्याची ही आठवण. मला राग आला. आमच्याकडेही दारू लपवलेली असायची. तांदळाच्या डब्यात, माळ्यावर, एकदा तर माझ्या शाळेच्या जुन्या दप्तरात. ती बघायला कुणी टेबल बुक करून येत नव्हतं. पण मी हसले. काकू प्रेमळ बाई आहेत, त्यांचा काय दोष?

"काय घेणार?" काकांनी बाबांना विचारलं.

"मला नको. ॲसिडिटी आहे."

"अहो, एवढ्या लांबून आलात! एक हलकं काहीतरी घ्या. इथलं चढत नाही, नुसता फ्लेवर असतो."

"खरंच नको," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. पण मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो टेबलाच्या कडेवर सारखा पुढेमागे घासत होता. बाबा चपला कशा काढतात, पाणी किती घाईने पितात, एखादं वाक्य दोनदा बोलतात का, यावरून त्यांना ओळखायला मी शाळेत असतानाच शिकले. चार वर्षांत मी ते सगळं विसरले असं मला वाटत होतं. कसलं विसरतेय!

ड्रिंक्स आली ती चहाच्या कटिंगच्या ग्लासात. काकूंचं तर तांब्या-पेल्यातून आलं. रंग हुबेहूब कोकम सरबताचा. कशात काय आहे ते बघून कळतच नव्हतं, आणि तीच म्हणे इथली गंमत. मी मेन्यू उचलला आणि जेवणाच्या प्रत्येक ओळीत दारू शोधायला लागले. कोळंबीवर ब्रँडी. चिकनच्या सॉसमध्ये वाइन. गुलाबजामच्या पाकात रम. सरळ माणसाने इथे खायचं तरी काय? होणारा नवरा काहीतरी विचारत होता आणि मला नुसते त्याचे ओठ हलताना दिसत होते.

मग मधोमध पाणीपुरीचं ताट आलं. आईचा चेहरा एकदम खुलला. ओळखीचं असं पहिल्यांदाच काहीतरी दिसलं होतं तिला. प्रत्येक पुरीत हिरव्या पाण्याची एक बारीक काचेची नळी खोचलेली होती. "घ्या ना," म्हणत तिने एक पुरी उचलून बाबांच्या हातातच दिली. आपल्या माणसाला पहिला घास द्यायची तिची सवय.

"हे कशाचं पाणी आहे?" मी वेटरला विचारलं. माझा आवाज चिरकला.

"मॅम, पुदिना, मिरची आणि वोडका."

बाबांचा हात तोंडापासून वीतभर अंतरावर होता. तो तिथेच थांबला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांनी पुरी अगदी सावकाश ताटात ठेवली, रुमालाला बोटं पुसली, पुन्हा पुसली आणि उठले. "जरा हात धुऊन येतो," ते म्हणाले.

हात धुवायला जायची वाट बारला लागून होती.

काका त्यांच्या टॉवरमधल्या पार्किंगच्या भांडणाची गोष्ट सांगत होते. मी मान हलवत होते. बाबा येईनात. आई टेबलाखाली माझा हात एवढा आवळून धरून बसली होती की तिची बांगडी मला रुतत होती. काकांची गोष्ट संपली, सगळे हसले, तरी बाबा आले नाहीत. मी उठले.

बारवर ते नव्हते. प्रत्येक स्टूलवरची प्रत्येक पाठ मी नीट बघितली. त्यांच्यासारखा शर्ट दिसला की जीव गोळा व्हायचा. वॉशरूममध्ये कुणी नाही, असं एका वेटरने आत जाऊन बघून सांगितलं. मग मी भिंत ढकलून बाहेर शिंप्याच्या दुकानात आले.

बाबा तिथल्या मशीनच्या स्टुलावर बसले होते. दोन्ही हातांनी मशीनची कड घट्ट धरली होती. मी जवळ गेले आणि वाकले. कशासाठी, ते त्यांना बरोबर कळलं.

"नाही घेतली," ते म्हणाले. "घे वास. पण बारपाशी थांबलो होतो मी. त्याने विचारलं, सर काय देऊ, आणि माझ्या तोंडातून 'नाही' निघेना. शब्दच येईना गं."

मी आयुष्यभर बाबांच्या तोंडून 'मी घेतली नाही' एवढंच ऐकलं होतं, खरं असो नाहीतर खोटं. घ्यावीशी वाटते, हे ते मला कधीच बोलले नव्हते. घेतली असती तर काय करायचं ते मला माहीत होतं. याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मला परत आत नेऊ नकोस," बाबा म्हणाले. "आणि ॲसिडिटी सांगू नकोस. खरं काय ते सांग त्यांना. मी सांगितलं असतं, पण त्यासाठी आत यावं लागेल."

"बाबा, लग्न..."

"मोडलं तर मोडलं म्हण. मी पुन्हा प्यायला लागलो तर तुझ्या लग्नात कोण उभं राहणार आहे?"

काउंटरवरच्या माणसाला मी म्हटलं, माझ्या वडिलांना कुठे जाऊ देऊ नका, मी आलेच. त्याने काही न विचारता त्यांना पाणी दिलं. मी कोट बाजूला सारून आत गेले. टेबलापर्यंतचं अंतर केवढंसं, पण चार वेळा वाटलं की मागे फिरावं आणि पोटात दुखतंय म्हणून सांगावं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. होणारा नवरा म्हणाला, "काय गं, तुझे बाबा कुठे राहिले?"

"बाबा बाहेर बसलेत," मी म्हणाले. "त्यांना दारूचं व्यसन होतं. चार वर्षं झाली सोडून. इथे बसायची त्यांना भीती वाटतेय. मलाही वाटतेय."

आईने क्षणभर डोळे मिटले, मग पर्स उचलली आणि बाबांकडे जायला सगळ्यांच्या आधी उभी राहिली.