सुमनच्या अडकित्त्यांचा भाव

दवाखान्यात डॉक्टरांनी "गेल्या" म्हणून सांगितलं, तेव्हा सुमनचा मोबाईल माझ्या खिशात होता. तो वाजला. कागलच्या एका पाहुण्याचा, म्हणजे तिच्या गिऱ्हाइकाचा, निरोप होता, "मावशी, अठराशेला द्या की." मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो... ह्याला आता उत्तर कोण देणार?

सुमन माझी बायको. दीड महिना झाला तिला जाऊन. तिच्या वडलांची गारगोटीत पानपट्टी होती. म्हाताऱ्यानं हौसेनं सुपारी कातरायचे तीसेक पितळी अडकित्ते जमवलेले, कुठला पोपटाच्या आकाराचा, कुठला मोराच्या. म्हातारा गेल्यावर तिच्या भावांना ते नको होते, तर ही पोत्यात घालून घरी घेऊन आली. आम्हाला मूलबाळ नाही. "आपल्या मागं भंगारवाला वजनावर नेणार. त्यापरास चांगल्या हातात देऊया," म्हणाली, आणि भाचीकडून मोबाईलवर विकायला शिकली.

भाव करण्यात ती कुणाला ऐकायची नाही. निम्म्यानं मागितलं तरी चिडायची नाही. सुपारी कातरतानाचा फोटो काढायची आणि लिहायची, "पावणं, अजून धार हाय. आता बोला." नुसतं "शेवटचं किती?" विचारणाऱ्याला एक रुपया सोडायची नाही. पण कुणी "हा कुणाचा होता?" म्हटलं, की वडलांची सगळी कहाणी सांगून वर आपणच शंभर कमी करायची. मला ते पटायचं नाही. धंदा म्हणजे धंदा.

एकदा ती मोबाईल घरीच विसरून कळंब्याला बहिणीकडं गेलती. एकानं पोपटाच्या अडकित्त्याला बाराशे म्हटलं. मी खुश होऊन तिथल्या तिथं "दिला" लिहिलं. तर त्याचं उत्तर, "एवढ्यात हो म्हणालात, म्हणजे माल खोटा असणार. नको." सुमन आल्यावर पोट धरून हसली.

"अवो, मला बघाय आलतासा तवा बाबांनी आठ दिस होकार धाडला न्हवता. लगेच दिली असती तर तुम्ही बी म्हणला असता, पोरीत खोट हाय!"

"हाय की खोट. त्वांड बंद हुईत न्हाय," मी म्हटलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

शेवटी घोड्याचा अडकित्ता तेवढा राहिला. कागलच्या पाहुण्याशी त्याच्यावरनंच महिनाभर चाललं होतं. ही पंचवीसशेवर अडलेली, तो अठराशेवर. तेरावा झाल्यावर मी त्याला फोन लावला, ती गेली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "काका, पंचवीसशे देतो. मावशींचा शब्द राहू दे."

मला रागच आला.

"कीव करून वाढवू नका. ती असती तर वाढवला असता काय? तिच्याशी बोलत होतासा तसं बोला, न्हायतर ऱ्हाऊ दे."

तो बिचकला. "मग... एकोणीसशे?"

"आता कसं! चोवीसशे."

अर्धा तास ओढाओढ झाली. तिच्या मागं घरात एवढा आवाज पहिल्यांदाच झाला असंल. एकवीसशेला मिटलं. तिनं नक्की जास्त काढले असते.

मग बांधायला बसलो. विकलेली वस्तू ती आपल्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून द्यायची, कागदात कधी नाही. कपाटातनं तिची एक विटकी साडी काढली, कात्री लावली, आणि तशीच काढली. साडीची घडी घालून परत ठेवली, आणि माझं धोतर फाडलं.