पहिल्या फेरीचे प्रमुख पाहुणे

आमच्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात प्रमुख पाहुणे शोधणं हे सेक्रेटरीचं काम. चार वर्षं सेक्रेटरी मीच आहे, कारण दुसरं कोणी तयार होत नाही. दिवाळीला कोणी ना कोणी कौन्सिलर मिळतो, त्याला फोटो हवे असतात. पण क्रीडा स्पर्धांच्या बक्षीस समारंभाला कोण येणार? आमच्या स्पर्धा म्हणजे कॅरम, बॅडमिंटन आणि लिंबू-चमचा. त्या वर्षी मी मीटिंगमध्ये म्हटलं, माझे टेनिसचे कोच येतील, स्वीडनचे माजी प्रोफेशनल खेळाडू आहेत. तोवर मोबाईलमध्ये डोकं घातलेले आमचे अध्यक्ष एकदम सरळ बसले.

जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, शुगरचा रिपोर्ट दाखवून डोळे वटारले, तेव्हा एकोणपन्नासाव्या वर्षी मी पहिल्यांदा रॅकेट हातात घेतली. शनिवारी सकाळी कौन्सिलच्या कोर्टवर आम्ही सहाजण असायचो, सगळे माझ्यासारखेच पोट सुटलेले. कोच रेडवेवरून, म्हणजे इथल्या सायकलवाटेवरून, सायकल मारत यायचे. साठी ओलांडलेला उंच माणूस, एक गुडघा धड न वाकणारा. आल्या आल्या झाडू घेऊन कोर्टवरची पानं झाडायचे, आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

त्यांचा एकच नियम कडक होता. आमच्या खेळाला अंपायर कुठला असणार? तेव्हा आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल आपणच द्यायचा. बाहेर पडला तर बोट वर करायचं. आत पडला तर तळहात जमिनीकडे करून आडवा धरायचा. शंका असेल तर आत. मी अर्थातच वाद घातला. मला शंका आहे तर पॉइंट समोरच्याला का? ते म्हणाले, "कारण बघायला दुसरं कोणी नाही." हे काय उत्तर झालं, म्हणून मी दिवसभर धुसफुसत होतो.

खेळ झाला की बाकावर बसून ते फ्लास्कमधला चहा प्यायचे आणि विचारलं तर स्वतःबद्दल सांगायचे. गाव कागदाच्या गिरणीचं, वडील गिरणीत कामाला. पाच महिने बर्फ, आणि गावात छताखालचं कोर्ट एकच. ते शाळेआधी सकाळी सहाला मिळायचं. त्या काळात त्यांच्या देशात चॅम्पियनांचं पीक आलं होतं, आणि हे त्या पिकात नव्हते. नऊ वर्षं गावोगाव फिरले. मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठी आधीच्या चाळणीच्या मॅचेस, एका खोलीत चौघे, ट्रेनमध्ये उशाला रॅकेटची बॅग. सोमवारी मॅच आणि मंगळवारी सामान बांधायचं. लंडनच्या त्या गवतावरच्या मोठ्या स्पर्धेत ते तीनदा खेळले आणि तीनदा पहिल्याच फेरीत हरले. शेवटच्या वेळी अगदी कडेच्या कोर्टवर, जिथे लोक सँडविच खायला म्हणून टेकायचे. मग गुडघा गेला. इथल्या एका नर्सशी लग्न केलं, काही वर्षं खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी केली आणि शेवटी आमच्यासारख्यांच्या नशिबी आले. "स्पर्धेत एक सोडून सगळे हरतातच," ते म्हणायचे. "मी त्या सगळ्यांपैकी." मला हा माणूस मनापासून आवडायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा रागही यायचा. एवढं भांडवल हाताशी असताना मी काय काय सांगितलं असतं!

समारंभाला यायचं त्यांनी लगेच कबूल केलं. अट एकच घातली, जे आहे तेच सांगा. मी म्हटलं, ऑफ कोर्स.

आता माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं. तिला मेडिसिनला प्रवेश मिळाला नाही. मार्क थोडक्यात हुकले. तिने दोन दिवस रडून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पॅरामेडिकचा कोर्स घेतला, अँब्युलन्सवर जाणारा. तिचं दुःख दोन दिवसांत संपलं, माझं काही संपेना. मंडळात कोणीतरी म्हणालं, "मुलगी डॉक्टर होतेय ना?" आणि मी नुसता हसलो. पुढच्या वेळी कोणी विचारलंही नव्हतं, तरी मीच सांगितलं. नागपूरला आईला सांगितलं, भावाला सांगितलं. मुलीच्या कानावर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज, असं नको सांगू. मी जे करते ते सांग ना."

मार्चमध्ये ती कोर्समधल्या प्लेसमेंटवरून, म्हणजे अँब्युलन्सवरच्या प्रत्यक्ष कामावरून, घरी आली ती दारातच उभी राहिली. बस स्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ कोसळले होते, हृदय थांबलेलं. अँब्युलन्सच्या क्रूबरोबर तिने त्यांची छाती दाबली, आणि त्यांचा श्वास परत आला. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता, की तसा तिच्या लहानपणानंतर मी पाहिलाच नव्हता. "बाबा, सगळ्यांना सांग!" ती म्हणाली. मी कोणालाच सांगितलं नाही. डॉक्टर होणारी मुलगी अँब्युलन्समध्ये काय करत होती, असं कोणी विचारलं असतं तर? ती महिनाभर वाट बघत राहिली, कोणीतरी विचारेल म्हणून.

तरी मला अक्कल आली नाही. समारंभाच्या आठवडाभर आधी, मी पाठवलेला पाहुण्यांचा परिचय वाचून अध्यक्षांचा फोन आला. "अहो, पहिल्या फेरीत हरले असं काय लिहिलंय? शाल-श्रीफळ देतोय आपण त्यांना!" मलाही ते पटलं, किंवा पटायला फार वेळ लागला नाही. परिचयाला मी तिखटमीठ लावायला बसलो. तीनदा खेळले याचं 'तीन वर्षं गाजवली' झालं. कडेचं कोर्ट मधोमध आलं. भल्याभल्यांना पाणी पाजलं, असंही एक वाक्य पडलं. परिचय मराठीत होता, त्यांना कुठे कळणार होता?

शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. पुढच्या दोन रांगांत भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, शाली पांघरून. पाहुण्यांशेजारी मी माझ्या मुलीला बसवलं होतं. मराठीतलं त्यांना इंग्रजीत सांगायचं, आणि त्यांचं भाषण पुढच्या रांगांना मराठीत. म्हणजे ही व्यवस्था मीच केली होती, आणि परिचयही मीच लिहिला होता, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे माइकसमोर उभा राहीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

मी वाचत गेलो, टाळ्या पडत गेल्या. दुसऱ्या वाक्याला मुलगी थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांच्या कानाशी वाकून ती सांगू लागली. ती एक शब्द वाकडा करणार नाही हे मला ठाऊक होतं. रुग्ण हॉस्पिटलच्या हवाली करताना जे पाहिलं तेवढंच सांगायचं, हे तिच्या कोर्सात पहिल्या महिन्यापासून घोटून घेतात. पाहुण्यांनी मान खाली घातली आणि ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. वाचायचा मात्र काही मी थांबलो नाही.

शाल झाली, नारळ झाला. मग अध्यक्षांना उत्साह आला. "आणि आज दुभाषी म्हणून लाभली आहे आपल्या सेक्रेटरींची कन्या, जी लवकरच डॉक्टर होणार आहे!" पुन्हा टाळ्या. पाहुण्यांनी तिला काहीतरी विचारलं. मी चार हातांवर होतो, तिचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "ही सेड आय ॲम गोइंग टू बी अ डॉक्टर. आय ॲम नॉट." ते तिच्याकडे बघतच राहिले. ती मला कोर्टवर सोडायला यायची, त्यामुळे ती काय शिकते हे त्यांना माझ्या मंडळापेक्षा चांगलं माहीत होतं.

ते बोलायला उठले. दोन वाक्यं बोलून थांबायचे, की मुलगी तिच्या त्या अडखळत्या मराठीत सांगायची.

"मी तीन वेळा खेळलो आणि तीन वेळा फर्स्ट राउंडला हरलो. माझे बाबा मिलमध्ये काम करायचे. मी हरून घरी गेलो, तर दुकानात एक माणूस भेटली... भेटला. तो म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स, तू थर्ड राउंडला गेलास! माझ्या बाबांनी मिलमध्ये तसं सांगितलं होतं. मी त्याला थँक यू म्हणालो."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मी हसलो नाही.

"मग मी प्रत्येक मॅच दोनदा हरायचो. एकदा कोर्टवर, एकदा बाबांच्या कँटीनमध्ये. पण एकदा मी खरंच जिंकलो. खूप मोठा प्लेयर होता, सगळ्यांना माहीत असलेला. मी घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले..."

इथे तिने पाहुण्यांकडे पाहिलं, बरोबर ऐकलं ना म्हणून. पाहुण्यांनी मान हलवली.

"मग म्हणाले, तू त्याला हरवलंस हे मी इथे मागच्याच वर्षी सांगितलंय."

पुढच्या रांगेतल्या आजी लोकांनी एकदम "अगं बाई" केलं. शेवटी ते म्हणाले आणि तिने सांगितलं, "तुमच्या सेक्रेटरींनी प्रेमाने लिहिलंय. माझ्या बाबांनी पण प्रेमानेच सांगितलं होतं. मला ही शाल आवडली, मी ती घरी नेणार आहे. फक्त ती त्या हरलेल्या माणसाला दिली असं म्हणा, कारण नऊ वर्षं तिथे तोच होता."

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, मार्चमधला तो दारातला चेहरा डोळ्यांपुढे आला.

आभारप्रदर्शनही सेक्रेटरीच करतो. खिशात कागद होता, त्यावर केटरर आणि केअरटेकर होते. तो मी काढलाच नाही.

"परिचयात मी खोटं बोललो," मी म्हटलं. "पाहुणे तीनदा खेळले आणि तीनदा पहिल्या फेरीत हरले. आणि माझी मुलगी डॉक्टर होत नाहीये. ते मीच पसरवलं होतं, अध्यक्षांचा दोष नाही. ती पॅरामेडिक होतेय. मार्च महिन्यात बस स्टॉपवर एका माणसाचं हृदय थांबलं होतं, ते चालू करणाऱ्यांत ती होती. तिने मला सगळ्यांना सांग म्हणून सांगितलं होतं. मी आज सांगतोय."

टाळ्या पडल्या की नाही, मला आठवत नाही. पाहुण्यांनी मुलीला विचारलं, काय म्हणाले? ती नाक पुसत त्यांच्या कानाशी वाकली आणि बराच वेळ सांगत राहिली. ऐकून झाल्यावर त्यांनी नारळ काखेत धरला, माझ्याकडे पाहिलं आणि मोकळा तळहात जमिनीकडे करून आडवा धरला.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिनेही तळहात तसाच धरला.