राणी सापडेपर्यंत

जरीपटका वस्तीतल्या आमच्या बगिच्यात एक बाई रोज सकाळी कडुलिंबाखाली उकिडव्या बसलेल्या दिसत. मुंग्यांच्या अभ्यासात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एकेका मुंगीच्या पाठीवर त्या बारीक ब्रशने रंगाचा ठिपका देत आणि कोणती कुठे जाते ते वहीत लिहीत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एके सकाळी पाइपलाइनसाठी खणायला जेसीबी आला आणि वारुळापासून दोन हातांवर थांबला. इंजिन सुरूच होतं. बाई हलल्या नाहीत, खुरप्याने माती सोलत राहिल्या.

"मॅडम, उठा ना," चालक वरून म्हणाला. "मुंग्यांसाठी काहून काम अडवून राहिल्या?"

"अकरा वर्षं बघतेय ह्यांना. राणी सापडली की उठते."

त्यांनी दिलेला रिकामा डबा धरून मी शेजारी बसलो. चावे घेऊन मुंग्यांनी त्यांची मनगटं लाल केली होती.

"राणी मेली तर?" मी विचारलं.

"तरी ह्या रोज कामाला जातील. शेवटची मरेपर्यंत जातील. फक्त नवी कोणी जन्मणार नाही."

अखेर राणी सापडली. तिला डब्यात ठेवून बाई उठल्या. "आता चालू द्या."

चालक मात्र खाली बघत होता. तोंडात पांढरी अंडी धरून मुंग्या सैरावैरा पळत होत्या.

"लेकरं घेऊन कुठं जाऊन राहिल्या ह्या?"

"जागा शोधताहेत."

त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला. "मग ह्या बाकीच्यायले काहून मागं सोडता? आणा तो डबा."

ओंजळीने मुंग्यांसकट माती भरताना त्याचेही हात सुजले. तरी तो भरत राहिला.