निरोगी रक्त

आज प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याने बाही सारून हाताला स्पिरिट लावलं आणि त्या वासाने मला कुही गावची वैशाली आठवली. ती माझ्याकडे मूत्रपिंडाच्या आजारांवर संशोधन शिकायला आली होती. नवी मशीन तपासायला निरोगी रक्त लागतं, ते आम्ही आपलंच देतो. तिनेही हसत दिलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं निघालं.

“मशीन बिघडली असन, सर. मले काहून होईन?” ती म्हणाली.

मग माझं रक्त लावलं. ते व्यवस्थित आलं. ती कितीतरी वेळ माझाच रिपोर्ट बघत राहिली.

“लवकर कळलं, बरं झालं,” असं मी तेव्हा मनापासून म्हणालो. कळून काहीच झालं नाही. तिचा प्रबंध अर्धा राहिला, मग तीही राहिली नाही.

पोराची बाही मी खाली केली आणि माझा हात पुढे केला.