अरुंधती दाखवायची वेळ

धाकट्या बहिणीच्या लग्नाची यादी माझ्याकडे होती. आचारी, हळद, रुखवत, पाहुण्यांच्या जीपा, झालेल्या कामापुढे खूण. एकच ओळ आईने स्वतः खोडली: चष्मा. बहिणीचा नंबर मोठा. बघायच्या कार्यक्रमात तो लपवला होता आणि लग्न पार पडेपर्यंत मुलाकडच्यांना कळू द्यायचा नव्हता. चष्मा पेटीच्या तळाशी गेला.

केजच्या मंगल कार्यालयात सप्तपदी आटोपेपर्यंत अंधार पडला. मग गुरुजी नवरानवरीला अरुंधती दाखवतात. बहुतेक लग्नांत हे भर दुपारीच उरकतं. गुरुजी वर हात करतात, नवरी 'दिसली' म्हणते आणि पंगत बसते. बहिणीला मी तेवढंच पढवलं होतं. पण नवऱ्याची आत्या हौशी निघाली. दोघांना बाहेर मोकळ्यावर नेऊन म्हणाली, "नुसतं दिसली म्हणू नको माय. बोट कर."

बहिणीने बोट केलं. ते मोबाईल टॉवरच्या लाल दिव्यावर गेलं.

"वहिनी, तिथून रेंज येती," दीर म्हणाला. पोरं फिदीफिदी हसली.

आत्या हसली नाही. चार पावलं मागे सरून तिने बोटं वर धरली. "किती हायेत?"

बहिणीने डोळे बारीक केले. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा चालूच होता.

"आंधळी गळ्यात मारली की हो आमच्या," सासू म्हणाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मधे पडले. म्हटलं, सप्तर्षीच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, त्याच्या शेजारचा बारीक ठिपका अरुंधती. दुर्बिणीतून पाहिलं की एका वसिष्ठाचे दोन तारे होतात. त्या दोघांतला प्रत्येक पुन्हा जोडतारा, इतका जवळजवळचा की प्रकाशाची फोड केल्यावरच कळतो. अरुंधतीही एकटी नाही, तिलाही जोडीदार आहे. एकूण सहा. "आत्याबाई, तुम्हाला त्यातले किती दिसले?"

"आमाला एक दिसली, बास हाय. अन् तुमी किती झाकलं तेबी दिसलं."



पाठराखीण म्हणून मी बहिणीसोबत तिच्या सासरी कड्याला गेले. सकाळी लक्ष्मीपूजन. नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. नाव आधीच ठरलं होतं. सासूने ऐन वेळी त्याच्या कानात काही सांगितलं. तो हसला आणि त्याने दुसरंच लिहिलं.

"वाच," सासू म्हणाली.

बहिणीला ताट नाकापर्यंत उचलावं लागलं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"अरुंधती," तिने वाचलं. सासूने साखर वाटली.

मी मागच्या दारी जाऊन आईला फोन केला. घेऊन येऊ का परत?

"राहू दे," आई म्हणाली. "टाकली तर न्हाई ना."

मी पेटीतून चष्मा काढून बहिणीला दिला. सासूने अट घातली: रानात घाल, पाहुण्यांसमोर नको. दुपारच्या जीपने मी एकटी परतले.

ते नाव पतिव्रतेचं. बाहेरच्या माणसाला त्यात काही टोचत नाही. उलट सून नशीबवान वाटते. घरात मात्र तिच्या हातून काही सांडलं की ते खास ताणून म्हटलं जातं. आता भावकीतली लेकरंही तसंच ताणून हाक मारतात. ती ओ देते.