भरलं म्हणजे कबूल केलं

मी फार बोललेला माणूस आहे. मिलच्या फाटकासमोर, चौकात, उभ्या ट्रकवर चढून—हातात माइक आला की लोकांना मला शर्ट ओढून खाली बसवावं लागायचं. पण ही गोष्ट त्या तोंडातून कधी बाहेर आली नाही. आईला नाही, संघटनेत नाही, प्यायल्यावरसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला चेहऱ्यानेही ओळखत नाही. हाही भ्याडपणाच झाला ना? असू दे. त्यापासूनच सुरुवात करू.

आमची मिल एका दिवसात बंद झाली नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग पगार पुढच्या महिन्यावर जायला लागला, आणि एका सकाळी फाटकाला साखळी. दिल्लीत म्हणे बाजार उघडला होता. इंदूरमध्ये फाटक बंद झालं. हे वाक्य माझंच आहे, परच्यात छापलं होतं, खूप टाळ्या मिळाल्या होत्या. बघा—कबुली द्यायला बसलो तरी टाळीचं वाक्य आधी सुचतं.

परचे—तुमच्याकडे पत्रकं म्हणत असतील—मीच लिहायचो. आमच्या परदेशीपुऱ्यात, मिलमजुरांच्या वस्तीत, शिकलेली पोरं बरीच होती, पण रागावून लिहिणारा मी एकटा. मिलकडे मजुरांचं बकाया, म्हणजे थकलेला पगार, अडकलेलं, आणि इकडे मकानमालक दारात उभे. तेव्हा मी घोषणा काढली: ‘पहले बकाया, फिर किराया!’ मिल आमचं देईल तेव्हाच आम्ही भाडं देऊ. भिंतीभिंतींवर रंगवली ती. पोरं क्रिकेट खेळतानाही ओरडायची. माझी पहिली घोषणा, जी माझ्याशिवाय फिरायला लागली.

आणि दिवसा मी कुठे असायचो?

सगळ्यांना मी सांगायचो की पलासियाला कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. पलासिया बरोबर होतं. क्लास नव्हता. तिथे एका वकीलसाहेबांचं ऑफिस होतं, आणि त्यांचं निम्मं काम एकच—भाडं थकलं म्हणून भाडेकरूला घराबाहेर काढणं. मालक यायचे, मी त्यांचं ऐकून घ्यायचो, नोटीस लिहायचो, मग दाव्याचा मसुदा. कायद्याची दोन वर्षं झाली होती, टायपिंग येत होतं, भाषा बरी होती. संध्याकाळी ज्यांना जळवा म्हणायचो, दुपारी त्यांच्यासाठी ‘वादी अत्यंत नम्रतापूर्वक निवेदन करता है’ असं टाइप करायचो.

पोटासाठी, असं म्हणणार होतो. ते खोटं आहे. मला ते काम आवडायचं. दाव्यात प्रत्येक वाक्य जागच्या जागी बसतं. परच्यात तसं बसत नाही, तिथे ओरडावं लागतं.

आता नानाकाका. माझे सख्खे काका नव्हेत. मिलमध्ये बाबांच्या खात्यातले जॉबर, म्हणजे मुकादम, आमच्याच गल्लीत राहायचे. बाबा गेले त्या वर्षी मी महिनाभर त्यांच्याकडेच जेवलो. शालूकाकूच्या हातची पोळी आणि त्यावर लोणच्याचा खार—आजही जिभेवर आहे, आणि आज ती चव मला नको आहे. दोन खोल्या होत्या त्यांच्या, भाड्याच्या. मकानमालकीण पाध्येबाई, त्याच घराच्या पुढच्या भागात राहणाऱ्या, रिटायर्ड मास्तरीण, एकट्या, मोतीबिंदूवाल्या. त्याच भाड्यावर त्यांचं चालायचं. जळू शोधायला गेलं तर त्या घरात सापडली नसती.

पाध्येबाई छत्री टेकत आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मी टाइपरायटरमागे होतो. त्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून मी वाचलो. वकीलसाहेबांना त्या म्हणाल्या, ‘‘मला कुणाला रस्त्यावर नाही आणायचं हो. कोर्टात भरलं तरी चालेल. मला घर थोडंच हवंय, औषधं हवी आहेत.’’ साहेब हसले. ‘‘भर दिया तो ठीक, नहीं भरा तो और ठीक, माताजी.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘लिखो.’’

मी लिहिलं. नानाकाकांवरचा दावा मी लिहिला. खाली सही साहेबांची.

थांबा, एवढंच नाहीये. एवढंच असतं तर ‘नोकरी होती’ म्हणून कदाचित झोप लागली असती.

कायदा समजून घ्या, कठीण नाही. भाडं थकल्याचा दावा झाला की भाडेकरूला समन्स येतं. समन्स मिळाल्यापासून महिन्याच्या आत त्याने थकलेलं सगळं कोर्टात जमा केलं, आणि पुढे दर महिन्याचं भरत राहिला, तर नुसत्या थकबाकीवरून त्याला कुणी काढू शकत नाही. घर वाचतं. मालकाला त्याचे पैसे मिळतात. आणि नाही भरलं, तर भाडेकरूचं म्हणणं कोर्ट ऐकूनही घेत नाही. सगळी गंमत त्या एका महिन्यात आहे. हे मला पाठ होतं—माझं नाव पाठ असावं तसं.

समन्स घेऊन नानाकाका माझ्याकडेच आले. दुसरीकडे कुठे जाणार? काकूने बांगड्या मोडल्या होत्या, जवळच्या बेटमा गावातल्या धाकट्या भावाने थोडे दिले होते, रक्कम तयार होती. ओट्यावर बसले, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘तू पढा-लिखा आहेस भिया, तू सांग. चौकात कोणीतरी म्हणतंय की कोर्टात जाऊन भरून टाका. भरू का?’’

समन्ससोबत दाव्याची नक्कल होती, आणि तिच्यात माझ्या टाइपरायटरचा तो नेहमी ओळीच्या वर उडणारा ‘र’ होता. काकांना तो दिसणं शक्य नव्हतं. मला मात्र तेवढाच दिसत होता.

मी काय काय विचार केला म्हणता? सगळा एका दमात केला. नानाकाकांना अख्खी गल्ली मानते. ते भरायला गेले की उद्या दहा जण जातील, माझी घोषणा भिंतीवरच राहील. हे एक. हे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो, कारण यात निदान लढ्याचा वास येतो. पण खरं त्याच्याखाली होतं. काका कोर्टात गेले तर रोज तिथे असणारा आमच्या ऑफिसचा मुन्शी त्यांना भेटणार, पाध्येबाईंचे वकील कोण ते कळणार, पलासियाचा पत्ता कळणार. आणि मी तिथे काय करतो तेही कळणार.

म्हणून मी म्हणालो, ‘‘भरायचं नाही काका. भरलं म्हणजे कबूल केलं. कोर्टाच्या दारातच जाऊ नका, तिथे आपल्या माणसाला फसवतात.’’

आवाज कसा होता माझा? सभेतला. तोच ठाम, चिडलेला, खरा वाटणारा. त्या आवाजाला मी वर्षानुवर्षं तेल-पाणी केलं होतं, आणि तो पहिल्यांदा पूर्ण ताकदीने वापरला तो ज्यांनी मला जेवू घातलं त्यांच्यावर.

काकांचा चेहरा सैल झाला. सुटल्यासारखे हसले. मग म्हणाले—हे मी विसरू शकत नाही—‘‘बरं झालं. मग हे झांकीला देतो.’’

इंदूर माहीत नसेल तर सांगतो. अनंत चतुर्दशीला आमच्या मिलांच्या झांक्या निघतात, गाड्यांवर उजेडाचे, हलते देखावे, आणि अख्खं शहर रस्त्यावर रात्र काढतं. बनवणारे मिलचेच कामगार. नानाकाकांचा हत्ती प्रसिद्ध होता, कान हलवायचा, सोंड उचलून देवाला हार घालायचा. जुन्या मागाचे भाग लावून त्यांनी तो चालवला होता. एरवी खर्च मिल करायची. त्या वर्षी मिल बंद, तेव्हा वर्गणीवर काढायची ठरली होती, आणि वर्गणी जमत नव्हती. ‘‘कारखाना मेला म्हणून बाप्पालाही घरी बसवायचं का?’’ काका विचारत फिरत होते.

मुदत संपायला तेव्हा वेळ होता. पैसे त्यांच्या खिशात होते. मी एक वाक्य बोललो असतो—थांबा काका, मी चुकलो, उद्या भरून या. तेवढंच. मी काय केलं? म्हणालो, ‘‘जबरदस्त! गाडीवर आपली घोषणा लावू.’’

झांकी निघाली. हत्तीने हार घातला. खाली लाल अक्षरांत माझी ओळ होती, आणि काकू आयाबायांना दाखवत होती, ‘‘हे आमच्या पोराचं.’’ मी गाडीपुढे नाचलो. मुदत त्याच आठवड्यात संपली.

पुढचं व्हायचं तसंच झालं. चौकातले एक-दोघे चुपचाप कोर्टात भरून आले होते—माझ्या घोषणेला हात जोडून, मागच्या गल्लीने. त्यांची घरं राहिली. काकांचं म्हणणं कोर्टाने ऐकूनही घेतलं नाही, हुकूम झाला, आणि वर्ष-दीड वर्षाने कोर्टाची माणसं आली. पाध्येबाई घराच्या आतच बसून राहिल्या, दार लावून.

मी? मी घोषणा देत होतो. काय करणार होतो दुसरं? पलंग, स्टोव्ह, शिलाई मशीन रस्त्यावर, गोधडीत गुंडाळलेले हत्तीचे ते दोन कान, आणि त्यापुढे मी—मूठ वर करून. घर वाचलेल्यांपैकी एकजण ओरडला, ‘‘नेताजी, गला बाद में फाड़ना, पहले अलमारी पकड़ लो!’’ लोक हसले. नानाकाका चिडले त्याच्यावर. मला जवळ ओढून त्याला म्हणाले, ‘‘याला काही बोलायचं नाही. याने आमच्यासाठी जीव तोडला.’’

माझ्या खांद्यावर तो हात. मी काढला नाही. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? सगळ्यांसमोर?

टेम्पो बेटम्याला निघाला. काकूने पुढच्या सीटवरून लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली. ‘‘वाटेत फुटेल रे. आईला दे.’’ मी घेतली. आम्ही ते लोणचं संपेपर्यंत खाल्लं, आणि मी दर वेळी वाढून घेतलं, नाहीतर आईने विचारलं असतं.

तरी मी नोकरी सोडली नाही. परचेही सोडले नाहीत. अजूनही बायका ओट्यावर येऊन कागद दाखवतात, मी त्यांना बरोबर सांगतो आता. त्याने मागचं काही फिटत नाही, म्हणून इथे मोजत नाही.

पण मागच्या महिन्याचं मोजायला हवं.

बेटम्याचा एक दुकानमालक ऑफिसात आला. त्याचा भाडेकरू सायकल दुरुस्त करतो. दावा आम्हीच केला होता, समन्स पोचलं होतं. मालक खुशीत होता. म्हणाला, ‘‘वो तो जमा ही नहीं कर रहा, साहब! पैसा रखके बैठा है. वहाँ इंदौर की मिल के कोई नाना हैं, गोडाउन पे चौकीदारी करते हैं, उन्होंने समझा दिया—भर दिया तो कबूल कर लिया. बोलते हैं, हमारे वकील लड़के ने बताया था.’’

वकीलसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. ‘‘कौन है भाई ये वकील? इसको तो फीस भेजनी चाहिए.’’

मीही हसलो. पुढच्या केसचा कागद चढवला आणि टाइप करत राहिलो.

त्या सायकलवाल्याची मुदत अजून संपली नव्हती. फाइल माझ्याच टेबलावर होती, मी पाहिलं. गंगवाल बसस्टँडवरून बेटम्याची बस सारखी सुटते. तिकडे गोडाउनवर नाना बसलेले असतात, मला पाहून उठले असते.

मी गेलो नाही.