गटारात न गेलेले देव

आमचे पास्टर वारले आणि मुलुंडच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, त्यांच्या कार्याची स्मरणिका काढायचं ठरवलं. माझ्याकडे दोन पानं मागितली. "तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळचे," म्हणाले. जवळचा म्हणजे काय, तर टायपिस्ट. ऐंशीच्या दशकात पाच-सहा वर्षं बँकेतून सुटलो की मी परदेशी देणगीदारांना जाणारी त्यांची इंग्रजी पत्रं टाइप करायचो. स्मरणिकेला मी तब्येतीचं कारण दिलं. खरं ते इथे लिहितो.

माणूस भारदस्त. आवाज असा की "खिडकी लावा" म्हणाले तरी मागच्या बाकावरून आमेन यायचं. त्यांच्या खोलीत उपनगरांचा मोठा नकाशा होता. जिथे मिशनचं काम, तिथे लाल टाचणी. परदेशी पाहुणे त्या नकाशापुढे उभे राहून डोळे पुसत. मानखुर्दची टाचणी म्हणजे एक कुटुंब आणि त्यांची बकरी. कांदिवलीचं कुटुंब केव्हाच गावी निघून गेलं होतं, टाचणी मात्र कांदिवलीतच. पुढे ह्या नकाशाच्या जोरावर ते अख्ख्या मिशनचे प्रमुख झाले. मला सगळं ठाऊक होतं. नकाशा भिंतीवर मीच ठोकला होता.

गोवंडीची टाचणी तेवढी खरी. तिथली एक बाई, डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्यातलं प्लास्टिक निवडणारी, दर रविवारी दोन बस बदलून उपासनेला यायची. तिला बाप्तिस्मा हवा होता. आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही, माणसाला अख्खं बुडवतात. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली सिमेंटचा हौद. पण त्याआधी आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, मंडळीपुढे मांडायची, आणि मंडळीने हात वर करून ठरवायचं, हिला घ्यायचं की नाही. बाप्तिस्मा नाही तोवर प्रभुभोजनाची भाकर नाही. महिन्यातून एकदा भाकरीचं ताट तिला वगळून पुढे जायचं.

"माझ्यापाशी आलं की ताट उडी मारतं बघा, दादा," ती मला म्हणाली होती. "तिकडे गावच्या पंगतीत आम्हाला सवय हाय. इथं पण?"

साक्ष लिहून घ्यायला मी तिच्या घरी गेलो. शेजारणीकडून कप मागून आणून तिने मला चहा दिला. साक्ष एवढीशी. तिचं मूल गेलं तेव्हा मंडळीतल्या बायका चार दिवस येऊन तिच्याजवळ बसल्या होत्या. बरं वाटलं. म्हणून यायला लागली.

"घरातले देव टाकले का?" मी विचारलं.

"ते सासूचे हायेत. मी कशाला टाकू? ती देव पुसते, मी भाकऱ्या थापते. भांडण नाय."

पास्टरांनी कागद वाचून माझ्याकडे सरकवला. "ह्यावर पाहुणे विमानात बसतील? अरे, माणूस अंधारातून उजेडात येतो तेव्हा काहीतरी फुटायला नको का?"

मग मी फोडलं. सासूचे देव तिने गटारात फेकले, असं टाइप केलं. कुणी हात पिरगाळला नव्हता. उलट वाक्य झकास जमलं म्हणून मी खूश होतो.

पत्र गेलं, पाहुणे आले. साक्षीच्या रविवारी घरच्यांनाही आण, असं पास्टरांनी तिला सांगितलं. बिचारी सासूला नवं लुगडं नेसवून घेऊन आली. सुनेला धड बोलता येणार नाही म्हणे, म्हणून साक्ष मी वाचायची, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मराठीत गटारापाशी पोचलो आणि म्हातारी उभीच राहिली.

"माझे देव? गटारात? सकाळी आंघोळ घालून आलेय मी त्यांना!"

"मी असं बोललेच नाय, आत्याबाई," सून म्हणाली. "दादांना विचारा ना."

पाहुणे विचारायला लागले, काय म्हणतायत ह्या? मी तोंड उघडायच्या आत पास्टर इंग्रजीत म्हणाले, "म्हातारीला पश्चात्ताप अनावर झालाय." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने म्हातारीचा फोटोही काढला. ती तणतणत एकटीच निघून गेली.

पाहुणे चहाला गेल्यावर पास्टरांनी मंडळीला थांबवलं. "बाईने साक्ष फिरवली. तिची अजून तयारी नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. चार दिवस तिच्याजवळ बसलेल्या बायकांचेही. मी आजूबाजूला पाहिलं आणि माझाही केला.

तिने मला जिन्यापाशी गाठलं. रडत नव्हती. "दादा, मी काय सांगितलं होतं ते आत जाऊन बोला. तेवढंच बोला."

"पास्टरांना विचारा."

"त्यांना काय विचारू? ते आले होते माझ्या घरी? तुम्ही आला होता. चहा घेतलात."

"मला उशीर होतोय," मी म्हणालो.

उशीर कसला? रविवार होता, बँक बंद. ती जिना उतरून जाईपर्यंत मी घड्याळात बघत उभा राहिलो, आणि मग आत पाहुण्यांना निरोप द्यायला गेलो.